दर पावसाळ्यात परत येणारं पुरळ: मलम बदलण्याआधी कंपाउंडच्या बाहेर बघा

तक्रार साधारण एकसारखीच असते. जुलै संपत आला की मानेवर, पापण्यांवर, कोपराच्या आतल्या घडीत लाल चट्टे उठतात. खाज इतकी की रात्री झोप लागत नाही. केमिस्टकडून एक ट्यूब येते, चार-सहा दिवस बरं वाटतं, ट्यूब थांबवली की पुन्हा पहिले पाढे. दिवाळीनंतर जरा आराम पडतो, उन्हाळ्यात माणूस विसरतो आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी, आधीपेक्षा जास्त जोरात येतं. मधल्या काळात टाकीच्या पाण्याला दोष देऊन झालेला असतो, साबण बदललेला असतो, वांगी बंद केलेली असतात.

मी वनस्पतिशास्त्र शिकवत होते, म्हणून सोसायटीतली मंडळी झाडांच्या प्रश्नांबरोबर कातडीचे प्रश्नही माझ्याकडे आणतात. औषध देणं माझं काम नाही, ते त्वचारोगतज्ज्ञांनीच द्यावं. पण खाज कुठल्या झाडाची आहे हे शोधायला डॉक्टरांना दवाखान्याबाहेर येता येत नाही, ते काम आपल्यालाच करावं लागतं. पुण्यात अशा वेळी पहिला संशय गाजर गवतावर घ्यायचा. काँग्रेस गवत, चटकचांदणी ही त्याचीच नावं, शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस.

आधी पुरळ कुठे आहे ते नीट बघा

आरशासमोर उजेडात उभं राहा आणि शर्टाची कॉलर उघडा. वाऱ्यावर उडून आलेल्या कणांनी होणाऱ्या पुरळाच्या जागा ठरलेल्या असतात: वरच्या पापण्या, कानांच्या मागे, हनुवटीखाली, गळ्यापाशी कॉलर उघडी राहते तो त्रिकोण, कोपराची आणि गुडघ्याची आतली घडी. कपड्यांनी झाकलेलं पोट आणि पाठ बहुतेक वेळा स्वच्छ असतात.

"ऊन लागलं असेल" असं घरातलं कोणीतरी म्हणतंच. उन्हाच्या पुरळाची एक खूण लक्षात ठेवा. ऊन जिथे पोचत नाही तिथे ते नसतं, म्हणजे पापण्यांची घडी, कानामागची जागा आणि हनुवटीखालची सावली त्यातून वाचते. हवेतली धूळ मात्र नेमकी अशाच सांदीकोपऱ्यांत घामाबरोबर जाऊन बसते. कानामागे चट्टा असेल तर उन्हापेक्षा धुळीचा विचार आधी करा. पण जुन्या रुग्णांमध्ये हा फरक पुसट होतो. वर्षानुवर्षं गाजर गवताचा त्रास असलेल्यांना पुढे उन्हाचाही त्रास सुरू होऊ शकतो, आणि मग उघडी असलेली सगळीच कातडी जाड, काळपट आणि रेघारेघांची होते.

आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या पापण्या मी जवळून पाहिल्या आहेत. पापणीची कातडी एरवी शरीरातली सगळ्यांत पातळ. त्यांची चोळून चोळून इतकी जाड झाली होती की डोळे मिटले तरी आडव्या घड्या दिसायच्या. भुवयांचे बाहेरच्या कडेचे केस झडले होते. "बाई, मी तीस वर्षं टेकडीवर जातोय, हे गवत हाताने उपटत आलोय, मला कधी काही झालं नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य.

ते खोटं बोलत नव्हते. ही भाजल्यासारखी इजा नव्हे, ही ॲलर्जी आहे, आणि तीही उशिरा उमटणारी. शरीराला त्या रसायनाची ओळख पटायला महिने लागतात, काहींना कित्येक वर्षं लागतात. एकदा पटली की ती सहसा पुसली जात नाही. मग थोड्याशा संपर्कानेही एक ते तीन दिवसांत पुरळ उठतं. ही मधली दिरंगाई फसवते. रविवारी टेकडीवर गेलेल्या माणसाला मंगळवारी खाज सुटते आणि तो सोमवारच्या जेवणात कारण शोधत बसतो.

त्रास होणाऱ्यांत पुरुष जास्त आणि मध्यम वयाच्या पुढचे जास्त, कारण उघड्यावर काम करणारे आणि फिरणारे तेच: माळी, वॉचमन, शेतकरी, ड्रायव्हर, सकाळी फिरायला जाणारे निवृत्त लोक. लहान मुलांत हे क्वचित दिसतं. मुलाच्या अंगावर पुरळ असेल तर आधी दुसरं काही शोधा.

हे गवत करतं काय

फूल येण्याआधीचं रोप बऱ्याच जणांना ओळखताच येत नाही, आणि ओळखायला हवं ते तेव्हाच. जमिनीला चिकटून चक्राकार पसरलेली, गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली फिकट हिरवी पानं. मग मधून खोड वर येतं, त्याच्यावर उभ्या रेघा असतात. नंतर साबुदाण्याएवढी पांढरी फुलं, नीट पाहिलं तर पाच कोपऱ्यांची. एक खोड उजेडात आडवं धरून भिंगातून बघा (हातमोजा घालून). सगळ्या अंगावर बारीक पांढरी लव दिसेल. त्रास आहे तो या लवेत. तिच्यातल्या ग्रंथींत पार्थेनिन नावाचं रसायन साठतं. गवत वाळलं की लव तुटून धुळीत मिसळते, म्हणून मेलेलं, पिवळं पडलेलं गवतही तितकंच त्रासाचं. परागांमुळे नाक वाहणं, शिंका आणि दमेकऱ्यांना धाप हा वेगळा भाग. जनावरं हे गवत सहसा टाळतात. चाऱ्याबरोबर पोटात गेलं तर त्यांना विषबाधा होते आणि दुधाला कडवटपणा येतो.

मूळचं ते अमेरिकेतलं, मेक्सिकोच्या आखाताच्या आसपासचं. भारतात त्याचा बोलबाला सुरू झाला तो १९५०च्या दशकात, पुण्यातल्या नोंदीपासून. १९५६ मध्ये ती नोंद छापून आली. पीएल-४८०च्या, म्हणजे अमेरिकेच्या धान्यमदत कायद्याखाली आलेल्या गव्हातून बी आलं ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पण भारताचा पीएल-४८०चा पहिला करारच १९५६च्या ऑगस्टमधला, तोपर्यंत पुण्यात गवत दिसलेलं होतं. अमेरिकेचा गहू १९५१ मध्येही आला होता, तेव्हा गव्हाला अगदी निर्दोष सोडता येत नाही, पण दोष नेमक्या त्या करारावर ढकलणं मला पटत नाही. असो. आज मुठेच्या काठापासून कालव्याच्या कडेपर्यंत, तळजाईच्या पायथ्यापासून बांधकामाच्या प्रत्येक रिकाम्या प्लॉटपर्यंत ते आहे, आणि एका झाडाला पंधरा-वीस हजार बिया धरतात.

गाजर गवत नसेल तर

सगळ्याच खाजेत गाजर गवताचा बिब्बा घालण्यात अर्थ नाही. बिब्ब्याचीच गोष्ट घ्या. गुडघेदुखीवर बिब्ब्याचं तेल लावलं, किंवा दुकानाच्या दाराला लिंबू-मिरचीबरोबर बिब्बा ओवला, आणि एक-दोन दिवसांत बोटांवर पाण्याचे फोड आले, मध्ये काळा डाग, तर बिब्बा उतला आहे. तो चीक जिथे लागेल तिथे पसरतो: बोटांवरून गालावर, गालावरून डोळ्यापाशी. आधी कोरड्या कापडाने टिपून घ्या, मग साबण आणि भरपूर पाणी. खोबरेल तेल आपल्याकडे लावतात, त्याने आग थोडी शमते. फोड मात्र फोडू नका. चेहऱ्यावर किंवा गुप्तांगावर उतला असेल तर घरी बसू नका. आयुर्वेदात बिब्बा औषध आहे हे खरं, पण तिथे तो विटेच्या चुऱ्यात घोळवून शोधन करून वापरतात, पुडीतून काढून सरळ गुडघ्यावर नव्हे. ज्यांना बिब्बा उततो त्यांनी मे महिन्यात आंब्याच्या देठाच्या चिकालाही जपावं, दोन्ही एकाच कुळातले. आंबा खाल्ल्यावर ओठांच्या कडेला पुरळ येत असेल तर देठाकडचा भाग जाडसर कापून टाका, फळ धुऊन दुसऱ्या कोणाकडून सोलून घ्या.

झाड अंगाला लागल्याबरोबर, त्याच मिनिटाला खाज सुटली असेल आणि तुम्ही नोव्हेंबर-डिसेंबरात गडावर गेला असाल, तर ती खाजकुयली. शेंगांवरची सोनेरी-तपकिरी लूस अंगात घुसते. हात फिरवला की आणखी आत जाते, म्हणून चोळायचं नाही. चिकटपट्टी हलक्या हाताने लावून ओढून काढायची, दोन-तीन वेळा, दर वेळी नवी पट्टी, आणि मग गार पाण्याची धार. खाजेवरची नेहमीची गोळी इथे फारशी उपयोगी पडत नाही, कारण या खाजेचा रस्ताच वेगळा आहे. शेंगेच्या लुशीत प्रथिनं तोडणारं एक विकर असतं, ते मज्जातंतूंना थेट चेतवतं. ती खाज काही तासांत आपोआप ओसरते. महिनाभर टिकली तर ती खाजकुयली नव्हतीच.

शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ करणाऱ्यांना एक गोष्ट ठासून सांगते. पान तोडलं की देठातून पांढरा चीक गळतो. तोच हात डोळ्याला लागला तर सुरुवातीची जळजळ थांबते आणि डोळा फारसा दुखत नाही, म्हणून लोक गप्प बसतात. पण काही तासांत समोरचं धुरकट दिसू लागतं, कारण बुब्बुळावरच्या पारदर्शक पडद्याला सूज आलेली असते. न दुखणाऱ्या डोळ्याला धोका नाही असं समजू नका. लगेच नळाखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा उघडा धरून धुवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. घरातले उरलेले थेंब घालू नका. कुंपणाचा शेर आणि बाल्कनीतल्या कुंडीतला ख्रिस्तकाटा यांच्या चिकालाही हाच उपाय.

बाकीच्या शक्यता झटपट तपासता येतात. सकाळी उठल्यावर मानेवर भाजल्यासारखी एकच लांब रेघ दिसली, तर रात्री ट्यूबलाइटखाली आलेला बारीक, केशरी-काळा किडा अंगावर चिरडला गेला असणार. पुण्यात पावसाळ्यात हा नेहमीचा पाहुणा, आणि त्याचा झाडाशी संबंध नाही. बोटांच्या बेचक्यांत खाज, रात्री जास्त, आणि घरात आणखी कोणाला तरी: खरूज. जांघेत किंवा कमरेला कडा उठलेली गोल चकती: गजकर्ण. या दोन्हींवर भलतं मलम लावलं तर प्रकरण चिघळतं.

पुरळ उठल्यावर आधी काय

ज्या कपड्यांत बाहेर होतात ते उतरवा, वेगळे ठेवा, अंग कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा. घासणी नको. गार पाण्यात बुडवून पिळलेलं मऊ सुती कापड दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटं ठेवलं की ओल येणारे चट्टे शांत होतात. अंग ओलसर असतानाच साधं, वास नसलेलं मलम, अगदी पांढरी व्हॅसलीनसुद्धा, लावा. नखं कापा.

कडुलिंबाचा वाटलेला पाला, हळद, चुना, लसूण यातलं काहीही लावू नका. सोललेल्या कातडीवर ते झोंबतं आणि डॉक्टरांना खरं पुरळ कसं होतं तेच कळत नाही. गाजर गवताचं पान हातावर चोळून "खात्री करून घेणं" हाही प्रकार मी पाहिला आहे. ज्याला ॲलर्जी आहे त्याला मोठे फोड येतात, ज्याला नाही त्याला ती होण्याची संधी मिळते.

धाप लागली, छातीत घरघर सुरू झाली, चेहरा किंवा ओठ सुजले, सगळं अंग लाल होऊन थंडी वाजू लागली, किंवा चट्ट्यांत पू झाला, तर थांबायचं नाही. तिथे गवताचा शोध नंतर.

डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी न्या. पुरळ दर वर्षी कोणत्या महिन्यात सुरू होतं आणि कधी थांबतं याची तारखांसह चिठ्ठी. घराच्या आणि कामाच्या जागेच्या आजूबाजूच्या रानाचे फोनवरचे फोटो. आणि आत्तापर्यंत वापरलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्या झालेल्यासुद्धा. तिसरी गोष्ट न्यायला लोक लाजतात, पण डॉक्टरांना तिचाच सगळ्यांत जास्त उपयोग होतो. आपल्याकडे खाज म्हटलं की जी तिरंगी खिचडीची ट्यूब हातात येते, तिच्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि जहाल स्टेरॉइड एकत्र असतं. चार दिवसांत वाटणारा आराम त्या स्टेरॉइडचा. पापण्यांसारख्या पातळ कातडीवर ते महिनोन्महिने लावलं की कातडी आणखी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, डोळ्यातला दाब वाढू शकतो. गजकर्णावर लावलं तर बुरशी आतल्या आत पसरते आणि ओळखू न येण्याइतकी रूप बदलते. २०१८ मध्ये सरकारने लावायच्या अनेक स्टेरॉइडना चिठ्ठीच्या औषधांच्या यादीत घातलं, तरी काउंटरवर "खाजेची ट्यूब द्या" म्हटलं की ती अजूनही मिळते.

गाजर गवताचाच संशय असेल तर पॅच टेस्ट करतात. पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या चकत्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात, तेव्हा आणि पुन्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाठ बघतात. तोवर पाठ भिजवायची नाही, घामाघूम व्हायचं नाही. आपल्या देशातल्या नेहमीच्या संचात पार्थेनियम असतं. पुरळ भरात असताना किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना ही चाचणी नीट येत नाही, म्हणून थंडी संपता संपता करून घेतलेली बरी.

औषधांची शिडी डॉक्टर ठरवतात, पण ती साधारण अशी असते: जागेप्रमाणे सौम्य किंवा तीव्र स्टेरॉइड मलम ठरावीक दिवस, पापण्यांसाठी बिनस्टेरॉइडचं मलम, भडका मोठा असेल तर काही दिवस प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, आणि वर्षभर टिकणाऱ्या त्रासाला अझाथायोप्रिन किंवा मेथोट्रेक्सेट. अझाथायोप्रिनचा गाजर गवताच्या पुरळावर आपल्याकडे चांगला अनुभव आहे. पण ती रक्तपेशी कमी करू शकते, म्हणून ठरल्या वेळी रक्त तपासावंच लागतं. शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून ही औषधं आणू नका. झोपेची गुंगी आणणाऱ्या खाजेच्या गोळीने रात्र निघते, पुरळ बरं होत नाही.

उपचार करूनही परत का येतं

खरी गोम इथे आहे. बरेच जण उपचार नीट घेतात आणि रोज संध्याकाळी तेच गवत अंगावर घेऊन घरी येतात.

पहिला गुन्हेगार दुचाकीवरचा स्कार्फ आणि हेल्मेटचं अस्तर. पुण्यातल्या मुली-बायका डोळ्यांपर्यंत जो स्कार्फ गुंडाळतात तो धूळ अडवतो हे खरं, पण तीच धूळ मग आठवडाभर गालाला आणि मानेला घासत राहते. पुरळ असेपर्यंत स्कार्फ रोज धुवा, निदान तीन आळीपाळीने वापरा. हेल्मेटचं अस्तर निघत असेल तर काढून धुवा, नसेल तर आत सुती टोपी घाला.

दुसरा, वाळत घातलेले कपडे. तळमजल्यावर किंवा गच्चीवर, शेजारी रान माजलेला प्लॉट असेल, तर कपड्यांवर ते सगळं बसतं, आणि मग झाकलेल्या जागीही खाज सुटते. सप्टेंबर-ऑक्टोबरात कपडे घरात वाळवा. उशीचे अभ्रे आणि टॉवेल तर नक्कीच. कुत्र्याला फिरवून आणलं की त्याचे पाय आणि पोट ओल्या कपड्याने पुसा.

तिसऱ्याकडे कोणाचं लक्षच जात नाही: शेवंती. गाजर गवत, शेवंती, सूर्यफूल, झेंडू सगळे एकाच कुळातले, आणि गाजर गवताची ॲलर्जी असलेल्या काहींना शेवंतीही चालत नाही. गणपती-नवरात्रात मार्केट यार्डातून शेवंती येते, घरातल्या बायका तासन्‌तास हार ओवतात, दोन दिवसांनी बोटांची टोकं फुटतात आणि पापण्या सुजतात. वहिनी म्हणतात, "मी तर महिनाभर टेकडीवर पाऊल ठेवलेलं नाही." बरोबर आहे, फुलं घरी आली होती. त्या दिवसांत मोगरा, निशिगंध, जास्वंद घ्या, किंवा हार दुसऱ्या कोणाला ओवू द्या. "नैसर्गिक" म्हणून विकत घेतलेल्या मलमात अर्निका, कॅलेंड्युला, कॅमोमाइल असेल तर तीही याच कुळातली. माकाही त्याच कुळातला, तेव्हा माक्याचं तेल लावत असाल तर डॉक्टरांना सांगा.

आणि चौथा, ज्याचा मला सगळ्यांत राग येतो: स्वच्छता मोहीम. वर्षभर कोणी बघत नाही. गणपती तोंडावर आले किंवा दसरा जवळ आला की कंत्राटदाराची माणसं गवत कापायचं यंत्र घेऊन येतात, आणि कमरेएवढं वाढलेलं, फुललेलं, अर्धं वाळलेलं गाजर गवत भरदुपारी भरडून हवेत उडवतात. मग ते तिथेच पडू देतात किंवा पेटवतात. आमच्या सोसायटीत पुरळाच्या तक्रारी अशा मोहिमेनंतर दोन-तीन दिवसांनी एकदम वाढल्या तेव्हा कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. शिवाय यंत्र बुडखा जमिनीत ठेवतं, तो पुन्हा फुटतो, आणि उडालेल्या बिया पुढच्या पावसाची सोय करतात. राष्ट्रीय पातळीवर गाजर गवत जागृती सप्ताह १६ ते २२ ऑगस्ट असतो. जागृतीला माझी हरकत नाही, पण पुण्यात तोवर पहिल्या पावसाची रोपं फुलायला लागलेली असतात.

गवत काढायचं कधी आणि कसं

बी रुजल्यापासून महिना-दीड महिन्यात फूल येतं. म्हणजे जूनच्या मध्यावर दोन-तीन चांगल्या सरी झाल्या की जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात पहिली फेरी मारायची, पानं जमिनीला चिकटलेली असताना. पाऊस पडून गेल्यावर सकाळी माती भुसभुशीत असते तेव्हा रोप मुळासकट येतं, आणि ओलं असल्याने लव उडत नाही. बुडापाशी धरून ओढा. वरचा शेंडा तोडून भागत नाही. मग ऑक्टोबरपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी एक फेरी, कारण सगळं बी एकदम रुजत नाही, मातीत काही वर्षं तग धरून राहतं.

ज्यांना पुरळ येतं त्यांनी या फेरीत यायचं नाही, उत्साह असला तरी. बाकीच्यांनी रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, पायमोजे, मास्क आणि चष्मा घालावा, आणि घरी जाऊन आधी अंघोळ करावी. माळ्याला आणि वॉचमनला हातमोजे सोसायटीने द्यावेत. रोज संपर्क येतो तो त्यांचा, आणि दवाखान्याचा खर्च सगळ्यांत कमी झेपतो तोही त्यांनाच.

फूल न आलेलं गवत खड्ड्यात टाकून उत्तम खत होतं. फूल आलेलं असेल तर खतात नको, जाळायचंही नाही. ओलं असतानाच पोत्यात भरून खोल खड्ड्यात पुरा आणि वर माती दाबा. पंधरा-वीस टक्के मिठाचं पाणी फवारून गवत मरतं, हे खरं आहे, पण माती खारते. रस्त्याच्या फरसबंदीतल्या फटींसाठी ठीक, बागेत नको.

मोकळी केलेली जागा उघडी ठेवली की ते परत येणार. तिथे टाकळा पेरा. डिसेंबरच्या सुमाराला वाळलेल्या शेंगांतून बी गोळा करून ठेवायचं आणि एप्रिल-मे महिन्यात फेकायचं. पहिल्या पावसाबरोबर दाट उगवतो आणि गाजर गवताला डोकं वर काढू देत नाही. कोवळ्या पानांची भाजी मिळते ती वर. मोठ्या जागेत, टेकडीच्या उतारावर, मेक्सिकन भुंगेरे दिसले तर त्यांना हात लावू नका. फिकट पिवळसर पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेला हा छोटा किडा झायगोग्रामा, १९८४ मध्ये बंगळूरला मुद्दाम सोडला गेला आणि पसरला. पावसाळ्यात तो गाजर गवताची पानं फस्त करतो, थंडीत जमिनीत जाऊन बसतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो सूर्यफुलावर दिसला म्हणून ओरड झाली होती, चौकशीही झाली. माझ्या मते तो आपला दोस्त आहे, फक्त सगळं काम तो एकटा करेल ही अपेक्षा नको.

एवढं करूनही तुमच्या आवारात दर जूनमध्ये नव्याने उगवत असेल, तर बाहेरून येणाऱ्या मातीकडे बघा. कुंड्यांसाठी आणलेला पोयटा, शेणखत, भरावाचा मुरूम आणि बांधकामाची वाळू यांतून बी येतं. ट्रक आला की माल थेट वाफ्यात टाकू देऊ नका. एका कोपऱ्यात पसरून ठेवा, दोन-तीन दिवसांआड पाणी मारा, तीन आठवड्यांत जे उगवेल ते उपटा, वरखाली करून पुन्हा एकदा पाणी मारून बघा आणि मगच कुंड्या भरा. ढीग झाकायची ताडपत्री आधीच्या साइटवरून आलेली असेल तर तीही झटकू नका, पाण्याने धुऊन घ्या.